विश्वासदादाची पहिली ताजी बातमी

विश्वासला बातमी नेहमी शिळी मिळायची, आणि तीही अर्धी.

जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. घरात कुणी काही बोललं आणि सगळे हसले, किंवा सगळे एकदम गप्प झाले, की तो धाकट्या भावाकडे, मुरलीधरकडे बघायचा. भुवया वर. म्हणजे, काय झालं? मुरलीधर पंजा दाखवायचा. म्हणजे, थांब, मग सांगतो. मग सांगायचा तेव्हा दहा वाक्यांचं एक झालेलं असायचं. "काही नाही, मामा येणारेत." सगळे हसले कशाला होते, ते राहूनच जायचं.

यात एकट्या मुरलीधरचा दोष नव्हता. आई तेच करायची, वडील तेच करायचे. पुढे मुरलीधरची बायको लतिका या घरात आली, तीही तेच शिकली. ऐकणाऱ्या माणसाला घाई असते.

एकदा कारखान्यात संप झाला. मुरलीधर तेव्हा मिरजेला एका लग्नाला गेला होता. विश्वास डबा घेऊन सकाळी गेटवर हजर. गेटला कुलूप, बाहेर झेंडे, घोषणा. आदल्या संध्याकाळी गेट मीटिंग झाली होती, ती याला कुणी सांगितलीच नव्हती. त्यानं वॉचमनला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, वेळेवर आलोय. लोक हसले. वडील गेले तेव्हाही तो कामावर होता. घरी आला, दाराबाहेर चपलांची गर्दी दिसली, तेव्हा त्याला कळलं. तोवर बाकीच्यांचं रडून झालं होतं.

कामात मात्र त्याला कुणी अर्धं सांगत नसे. वडील मिरजेहून दिल्लीजवळच्या फरिदाबादला येऊन ज्या कारखान्यात राबले, तिथेच दोघे भाऊ लागले. ट्रॅक्टरचे भाग बनायचे. मोठाले प्रेस दिवसभर आदळायचे. त्या आवाजात ऐकणारेही बहिरेच. मुरलीधर छताखाली क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा आणि विश्वास खाली उभा राहून त्याला हातांनी इशारे द्यायचा. उचल. डावीकडे. जरासं. मूठ मिटली की थांब. साखळीला लोखंडी साचा लटकलेला आणि खाली माणसं. इशारा चुकला तर कुणाचा तरी पाय जाणार. नवा फोरमन आला की कुरकुरायचा, बहिऱ्याला इथे कुणी उभं केलं? आठवड्याभरात कुरकुर आपोआप थांबायची. दोघे भाऊ निवृत्त होईपर्यंत तिथे कुणाचा पाय गेला नाही.

विश्वासनं लग्न केलं नाही. मुरलीधरच्या घरी तळमजल्यावर मागची खोली त्याची. मुरलीधरची मुलगी मृणाल त्याच खोलीत लहानाची मोठी झाली म्हटलं तरी चालेल. तिला बोलता यायच्या आधी हातांनी दूध मागता यायचं. काकाच्या खुणा घरगुती होत्या, अर्ध्या त्यानं स्वतः बनवलेल्या, अर्ध्या कारखान्यातल्या. त्याच्या लहानपणी शाळेत हात मागे बांधून मास्तरांचे ओठ बघायला लावायचे. हात हलला की पट्टी. मृणालनं मोठेपणी दिल्लीत राहून सांकेतिक भाषा रीतसर शिकून घेतली, आणि दर सुट्टीला घरी येऊन ती काकाला शिकवली.

"म्हातारपणी शाळेत घातलंस," तो हातांनी कुरकुरला.

"पट्टी नाही मारणार," ती म्हणाली.

"मीच मारीन. तुझं बोट वाकडं पडतंय."

त्या हिवाळ्यात मृणाल एका रविवारी आली ती दारातूनच हात हलवत. सरकारी बातम्यांच्या वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्यांना कोपऱ्यातल्या चौकटीत उभं राहून हातांनी बातम्या सांगायचं काम तिला मिळालं होतं. शुक्रवारी पहिल्यांदा.

"काका, बघणार ना?"

विश्वासनं डोळे बारीक केले. "सगळं सांगणार? का तुझ्या बापासारखं? काही नाही, मामा येणारेत?"

"ऐकलंस का गं," मुरलीधर लतिकेला म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वीचा मामा अजून येतोच आहे."

मृणाल हसली. "सगळं सांगणार, काका. आणि निवेदक बोलत असतो तेव्हाच. त्याच वेळी."

"त्याच वेळी" हे विश्वासनं तिला पुन्हा करून दाखवायला लावलं. दोन बोटं शेजारी शेजारी, एकदम पुढे. तो त्या दोन बोटांकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात एका कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं आणि काही मजूर आत अडकले. सगळीकडे तेवढंच बोलणं. विश्वास रोज संध्याकाळी मुरलीधरसमोर उभा राहायचा. "निघाले?" मुरलीधर मान हलवायचा, नाही. पंप कुठला लावला, पाणी किती उतरलं, आतून आवाज आला की नाही, यातलं विश्वासला काही मिळत नव्हतं. निघाले? नाही. इतकंच. गल्लीत गटाराची नवी लाईन टाकायला झारखंडचे मजूर आले होते, तेही फाटकाशी पाणी प्यायला आले की मुरलीधरला विचारायचे, "बाबूजी, उनका कुछ हुआ?" त्यांनाही तेच उत्तर.

आणि बुधवारी जेसीबीच्या दातात इंटरनेटची वायर आली. अख्ख्या गल्लीचं नेट बंद.

घरातला टीव्ही नेटवर चालत होता. डिशची छत्री गेल्याच वर्षी काढून भंगारात दिली होती. एकट्या मुरलीधरनंच नव्हे, सगळ्या गल्लीनं. नेटवाल्याचा माणूस येऊन खड्ड्यात डोकावला. "सोमवार से पहले नहीं होगा, अंकल." आणि स्कूटरला किक मारून गेला.

गुरुवारी संध्याकाळी मुरलीधरनं फोनवर बातम्या लावून फोन दादासमोर धरला. विश्वासच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, दुसरा अजून धुरकट. फोनमध्ये सांकेतिक भाषेची चौकट वालाच्या दाण्याएवढी. तरी तो नाक टेकवून बघू लागला. चित्र अडकलं. निवेदकाचा आवाज चालू होता, पण चौकटीतल्या बाईचा हात हवेत तसाच. विश्वास वाट बघत राहिला. हात हलला तेव्हा दुसरीच बातमी होती. पुन्हा अडकला.

त्यानं फोन परत दिला. "तुम्हाला आवाज तरी येतो. माझं वाक्यच तुटतं."

मुरलीधरनं मृणालला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ. रेकॉर्डिंग मिळतं ना. सोमवारी नेट आलं की दाखवा काकाला." तिचा आवाज मात्र खाली गेला होता. मुरलीधरनं रेकॉर्डिंगचं दादाला सांगितलं.

"सोमवारी," विश्वासनं हात हलवले. "शिळी."

"बाजारात दुकानात टीव्ही लावलेले असतात. तिथे जाऊ."

"फुटपाथवर उभं राहून? आयुष्यभर लोकांच्या खांद्यावरूनच बघितलं." आणि तो कुंड्यांना पाणी घालायला निघून गेला. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

मुरलीधरला जेवण गेलं नाही. लतिका म्हणाली, "अहो, भाऊजी इतके मोठे झाले, एक दिवस नाही बघितलं तर काय होणारे?"

"एक दिवस नाही," मुरलीधर म्हणाला. "त्यानं कधीच बघितलं नाहीये."

त्यानं उठून भिंतीवरचा टीव्ही जरा पुढे ओढला आणि मागे बॅटरी मारून बघितलं. अँटेनाचं भोक होतं. टीव्हीसोबत आलेलं पुस्तक काढून, चष्मा लावून, त्यानं तेही वाचलं. मनोऱ्यावरून हवेतून येणारं नवं डिजिटल प्रसारण हा टीव्ही थेट पकडू शकत होता. वायर नको, छत्री नको, नेट नको. फक्त गच्चीवर अँटेना.

शुक्रवारी दुकानं उघडायच्या वेळेला तो बाजारात होता.

"अँटेना?" काउंटरवरचा माणूस हसला. "अंकलजी, कबूतर बिठाने हैं क्या?"

"बेटा, तेरे पास है या नहीं, इतना बता."

"आजकल कौन लगाता है?"

मागच्या स्टुलावर त्याचे वडील ऊन खात बसले होते. ते म्हणाले, "ऊपर देख, पंखों के पीछे. दिल्ली के टावर से आता है अभी भी. साफ आता है." मग मुरलीधरला म्हणाले, "छोटावाला लेना. वो पुराना लंबा अब नहीं पकड़ेगा."

माळ्यावरून धुळीनं माखलेलं एक खोकं आलं. आत माशाच्या काट्यासारखा, हातभर लांबीचा अँटेना. मुरलीधरनं प्रत्येक काडी हलवून बघितली. क्लॅम्पचे नट फिरवून बघितले. मग वायर घेतली, लागेल त्यापेक्षा थोडी जास्तच.

आता गच्ची. या घरांत गच्ची वरच्या मजल्यावाल्याची. म्हणजे खुराना भाभींची. मुरलीधर पाइप, पाने आणि अँटेना घेऊन जिन्यानं वर गेला तेव्हा त्या गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या.

"ये क्या ले आए, भाईसाहब?"

त्यानं सांगितलं. मृणाल, बातम्या, दादा, सगळं.

"मृणाल टीवी पे? हाय, पहले बताना था!" मग त्यांनी पाइपकडे बोट दाखवलं. "पर छत में छेद नहीं होगा. पिछली बार डिशवाले ने कील ठोकी थी, पूरी बरसात मेरे पलंग पे टपका."

"छेद नहीं करूँगा. टंकी के स्टैंड से बाँधूँगा."

"फिर लगाओ. मैं यहीं बैठी हूँ." म्हणजे, नजर ठेवून.

मुरलीधरनं पाण्याच्या टाकीच्या लोखंडी घोडीला पाइप उभा बांधला. तीन ठिकाणी. हलवून बघितला, पुन्हा आवळला. वर अँटेना चढवला, नट सैलच ठेवले, म्हणजे फिरवता येईल. वायर खाली सोडली. तळमजल्यावर लतिकानं ती खिडकीतून आत घेऊन टीव्हीला लावली. तिच्या हातात रिमोट. तिनं ओरडून सांगायचं, असं ठरलं.

जेसीबी सुरू झाला आणि ते ठरलेलं तिथेच संपलं. गल्लीत तो खडक फोडत होता. लतिकानं फोन केला तर मुरलीधरला फोनमध्ये फक्त जेसीबी ऐकू आला, आणि हात दोन्ही पाइपला.

त्यानं कठड्यावरून वाकून बघितलं. अंगणात विश्वास उभा होता. मान वर, दोन्ही हात मोकळे. कुणी सांगायची गरज पडली नव्हती. लतिका दारात उभी राहून टीव्हीकडे बघणार, ती विश्वासला खुणावणार, विश्वास वर मुरलीधरला.

मुरलीधरला दिशा ठाऊक होती. ऐंशीच्या दशकात याच फरिदाबादेत त्यानं निम्म्या गल्लीचे अँटेने लावले होते. सूर्य मावळतो त्याच्या उजव्या हाताला दिल्लीचा मनोरा. त्यानं अँटेना तिकडे वळवला. खालून काही नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, बरोब्बर त्या रेषेत आता एक उंच नवी इमारत उभी होती. मग तिच्या कडेकडेनं शोधायचं. त्यानं अँटेना हळूहळू फिरवायला घेतला, पूर्वीसारखा. एका संथ गतीनं, न थांबता.

खाली विश्वासची मूठ मिटली. थांब!

मुरलीधर थांबला. विश्वासनं लगेच हात हलवला, गेली.

तो मागे वळवू लागला. मूठ. थांबला. गेली. पुन्हा पुढे. मूठ. गेली. लतिका दारात दोन्ही हात वर करून नाचत होती, आली, आली, आणि लगेच कपाळावर हात. मुरलीधर वरून ओरडला, "अगं, आली का गेली, एक काहीतरी सांग!" ते खुराना भाभींशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही.

"आपसी झगड़ा है तो नीचे जाके करो," त्या म्हणाल्या.

ऊन उतरू लागलं. मुरलीधरचे खांदे भरून आले. जुन्या टीव्हीवर कसं, आधी नुसत्या मुंग्या, मग मुंग्यांत चेहरा, मग मुंग्या कमी कमी. फिरवता फिरवता कळत जायचं, जवळ आलं, आणखी जवळ. इथे मुंग्याच नाहीत. काळा पडदा, काळा पडदा, आणि एकदम चित्र. की पुन्हा काळा. हे नवं प्रसारण माणसाला इशाराच देत नव्हतं.

त्यानं खाली बघितलं. अंगण रिकामं. विश्वास आत निघून गेला होता.

मुरलीधरनं पाइपवरून हात काढले. संपलं, त्याला वाटलं. दादा कंटाळला. सोमवारी शिळी बघेल, किंवा बघणारच नाही. बातम्यांना फार वेळ उरला नव्हता. खुराना भाभींनी मटारची परात बाजूला ठेवली.

मग दारातून आधी विश्वासची पाठ बाहेर आली. उलट्या पावलांनी. हातात टीव्हीची एक बाजू. दुसऱ्या बाजूला लतिका, तोंडाचा पट्टा चालू, तो ऐकायला कुणी नाही. गल्लीतले मजूर फावडी टेकवून बघायला लागले. दोघांनी टीव्ही इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, अंगणाच्या मधोमध, खिडकीतून विजेची लांब वायर ओढून, आणि पडदा विश्वासनं स्वतः वळवून घेतला, असा की मान न हलवता त्याला टीव्हीही दिसावा आणि गच्चीही. मधला निरोप्या गेला.

मग त्यानं वर बघितलं, मूठ मिटली आणि दुसऱ्या हातानं मुरलीधरकडे बोट केलं. "क्रेनवर असं करायचास? भार झुलतोय. त्याला थांबू दे."

मुरलीधरला वरच्या वर हसू फुटलं. बरोबर होतं. साचा साखळीला झुलत असताना पुढचा इशारा द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही, हे या माणसानं त्याला कितीदा बजावलं होतं. टीव्हीला हवेतलं चित्र जुळवून दाखवायला क्षणभर लागत होतं. त्या क्षणात तो अँटेना पुढे नेत होता. चित्र दिसायचं ते मागच्या जागेचं. तो जागा सोडून गेल्यावर मग मूठ मिटायची.

आता त्यानं अँटेना बोटभर वळवला आणि हात काढून घेतले. थांबला. खाली विश्वासनं पडद्याकडे बघितलं. नाही. बोटभर. हात काढले. थांबला. नाही. बोटभर. जेसीबीचा दात खडकावर घसरून कर्कश वाजला. नाही. मुरलीधर थांबून थांबून फिरवत राहिला. घाई नाही, दोघांनाही नाही. नवी इमारत आणि तिच्या शेजारची पाण्याची जुनी टाकी यांच्यामध्ये एक फट होती, अँटेनाचं टोक तिच्यात गेलं.

विश्वासची मूठ वर गेली. वरच राहिली. लतिका टाळ्या वाजवू लागली, तरी त्यानं मूठ खाली घेतली नाही. पूर्ण खात्री झाल्यावर त्यानं दोन्ही तळवे उघडून पसरले. स्वच्छ.

मुरलीधरनं पाना घेतला आणि नट आवळला. विश्वासचे तळवे खाली आले. चित्र गेलं.

हे त्याला माहीत असायला हवं होतं. नट आवळला की क्लॅम्प फिरतो, क्लॅम्पबरोबर अँटेना फिरतो. एका हातानं अँटेना धरून दुसऱ्यानं पाना मारायचा, तर तरुण वयात ते जमायचं. आता हाताला कंप होता. त्यानं दोनदा करून बघितलं. दोन्हीदा फट हुकली.

"मैं पकड़ूँ?" खुराना भाभी उठून आल्या होत्या.

"भाभीजी, आपसे नहीं होगा. जोर लगता है."

"अजी रहने दो. चालीस साल से खुराना साहब को पकड़ के रखा है, ये तो डंडा है."

त्यांनी ओढणी कमरेला खोचली आणि दोन्ही हातांनी अँटेनाची दांडी धरली. मुरलीधरनं पुन्हा जागा शोधली, बोटभर, थांबून. खाली तळवे उघडले. मग एक नट थोडा, दुसरा थोडा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. भाभींच्या कपाळावर घाम आला, दांडी हलली नाही. शेवटचा फेरा मारून मुरलीधरनं पाना काढला आणि अँटेनाला हात लावून ढकलून बघितलं. जागचा हलेना. तेव्हा तो म्हणाला, "छोड़ दीजिए." आणि कठड्याकडे गेला.

तळवे उघडेच होते.

तो जिना उतरला तो गुडघ्यांचा विचार न करता. मागून भाभी. अंगणात पोचला तेव्हा बातम्यांची सुरुवात झाली होती. टीव्हीचा आवाज लतिकानं शेवटपर्यंत वाढवला होता, तरी जेसीबीपुढे निवेदकाचे नुसते ओठ हलत होते. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मृणाल. गडद निळा कुर्ता, केस मागे बांधलेले. हात चालू.

"अय्या, बारीक दिसतेय," लतिका म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

विश्वास पडद्यासमोर वीतभर अंतरावर उभा होता. त्याचे खांदे ताठ. मुरलीधरला तिच्या हातांतलं थोडंफार कळायचं, पण ती फार झरझर बोलत होती. त्यानं दादाच्या दंडाला हात लावला. भुवया वर. काय म्हणतेय?

विश्वासनं पडद्यावरची नजर न काढता पंजा दाखवला. थांब, मग सांगतो.

खुराना भाभींना ते हसू कशाचं ते कळलं नाही, पण मुरलीधर आणि लतिका दोघेही हसत सुटले. मुरलीधर तर टेबलाला टेकला. दुपारपासूनचा शीण असा एकदम बाहेर पडला.

बातम्या पुढे सरकत होत्या. विश्वासची मान मध्येच हलायची, हो. एकदा त्यानं नाक मुरडलं, कुठल्या तरी मंत्र्यावर असावं. एकदा तो मोठ्यानं हसला, त्याच्या त्या खरखरीत आवाजात. का हसला ते तिथे एकट्या त्यालाच माहीत. मग मृणालचे हात खाली गेले. जमिनीखाली. पाणी, छातीपर्यंत. अंधार. विश्वास आणखी पुढे झुकला. तिचे हात वर येऊ लागले, खालून वर, खालून वर, एकामागून एक. मुरलीधरला ते अर्धवटच कळलं. वर आले ते कसे? जिवंत की कसे?

विश्वासनं वळून त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो सरळ फाटकाकडे निघाला. फाटक उघडून गल्लीत गेला, मातीच्या ढिगावर चढला आणि जेसीबीच्या समोर हात उंच करून मूठ मिटली.

अशी मूठ ज्याला कळत नाही असा यंत्र चालवणारा नसतो. जेसीबीचा दात हवेत थांबला. चालवणाऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "क्या हुआ? कोई दब गया क्या?" खड्ड्यातल्या मजुरांनी माना वर केल्या. विश्वासनं त्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगायला सुरुवात केली. खाली. काळोख. पाणी इथपर्यंत. मग दोर. मग वर. हा वर, हा वर, हा पण वर. सगळे. शेवटी त्यानं तळहात छातीवर ठेवला आणि धडधड करून दाखवली. आणि छातीवरचा तो हात काढून त्यांच्याकडे केला.

मातीनं माखलेला एक मजूर खड्ड्याच्या कडेला हात टेकून उभा राहिला. "निकल गए?" त्यानं विचारलं. "सब? जिंदा?"

विश्वासनं त्याचे ओठ वाचले. मान हलवली, मोठी, खालपर्यंत. मग मुरलीधरकडे बघून त्यानं हात केला, सांग त्यांना. मुरलीधर म्हणाला, "सब निकल गए. सब जिंदा हैं." त्यालाही हे आत्ताच कळलं होतं. दादाकडून.

जेसीबी चालवणाऱ्यानं किल्ली फिरवली. यंत्र बंद झालं. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की अंगणातल्या टीव्हीचा आवाज सगळ्यांना ऐकू यायला लागला. निवेदक तोवर दुसऱ्याच बातमीवर गेला होता. मजुरांतला एक जण मटकन मातीवर बसला आणि गमछ्यानं तोंड पुसू लागला. बाकीचे विश्वासच्या पाठीवर थापा मारत होते, जणू त्यानंच दोर ओढला होता. लतिकानं चहाचं मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. खुराना भाभींनी वरून बिस्किटांचा डबा आणला.

विश्वास परत टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला होता. हवामान चुकायला नको म्हणून.

बातम्या संपल्यावर थोड्या वेळानं मृणालचा व्हिडिओ कॉल आला. नेट अडकत होतं, ती तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. स्टुडिओच्या बाहेर जिन्यात उभी असावी. तिनं हातांनीच विचारलं.

"काका, बघितलं? आलं का? कळलं?"

विश्वासनं फोन मुरलीधरच्या हातात दिला, म्हणजे स्वतःचे दोन्ही हात मोकळे. मग त्यानं तिला पहिल्या बातमीपासून सगळं सांगायला घेतलं. कुठला पूल, कुठली सभा, कोण जिंकलं, खाण, पाणी, दोर, सगळे वर. एक वाक्य गाळलं नाही. मृणाल तिकडे मान हलवत राहिली.

"हवामानात घाई केलीस," शेवटी तो म्हणाला. "उत्तरेकडे धुकं म्हणालीस, कुठल्या दिवशी ते सांगितलं नाहीस."

"वेळ संपत आली होती ना, काका!"

"वेळ संपत आली की माणसं असंच करतात. तू करू नकोस." मग त्यानं दोन बोटं शेजारी शेजारी धरली. "बाकी सगळं मिळालं. त्याच वेळी."

मृणालनं एका हातानं तोंड झाकलं. मागून कुणीतरी तिला हाक मारली असावी, ती वळून बघायला लागली, पुन्हा फोनकडे वळली. "उद्या पण मीच आहे," तिनं सांगितलं. "त्याच वेळेला. बघाल?"

विश्वासनं अंगणात एक नजर फिरवली. कप हातात घेऊन बसलेले मजूर, पायरीवर भाभी, टेबलाला टेकून गुडघा चोळणारा मुरलीधर.

"बघीन," तो म्हणाला. "पण बसून. आज इतक्या माणसांत मला खुर्ची आणून द्यायचं एकालाही सुचलं नाही."